औषध पुढचे, निदान, निदान तरी वेळेवर मिळावे!

झोपडपट्टीत, बौद्धवाड्यात किंवा आदिवासी पाड्यावर माणूस आजारी पडला की त्याला सर्वांत आधी कशाची उणीव भासते? औषधाची, असे कोणीही सांगेल. परंतु औषध ही नंतरची गोष्ट आहे. आपल्याला नेमके काय झाले आहे, हेच त्याला वेळेवर कळत नाही. 'दुखणे अंगावर काढणे' हा शब्दप्रयोग आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. ताप अंगावर काढायचा, खोकला अंगावर काढायचा, शौचातून रक्त गेले तरी मूळव्याध समजून तेही अंगावर काढायचे. कारण तपासणीला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते आणि तालुक्याच्या लॅबचे बिल वेगळेच. मग एके दिवशी माणूस कोसळतो, नातेवाईक त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेतात आणि तेथील डॉक्टर म्हणतात, "फार उशिरा आणलंत हो!"

हा उशीर कोणाच्या वाट्याला येतो? संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील दलित स्त्री ही उच्चजातीय स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरते, असे नमूद केले आहे. साडेचौदा वर्षे! या आकड्यामागे दारिद्र्य आहे, कुपोषण आहे, घाणेरडे पाणी आहे, सरकारी अनास्था आहे. उशिरा होणारे निदान हेही त्यातलेच एक कारण. आणि या एका कारणावर तरी विज्ञानाच्या हाती आज स्वस्त उपाय येऊ घातला आहे. तो उपाय काय, तो कोणाच्या मालकीचा होणार आणि आपल्या दारापर्यंत येणार की नाही, याचा विचार आंबेडकरी चळवळीने केलाच पाहिजे. प्रयोगशाळेतल्या गोष्टी शास्त्रज्ञांनी पाहाव्यात, आपण मोर्चे काढावेत, ही वाटणी आपल्याला परवडणारी नाही.

तथागत बुद्धाने दुःखमुक्तीचा मार्ग सांगितला तोच मुळी वैद्याच्या पद्धतीने. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर होऊ शकते आणि त्याचा मार्ग आहे. आधी निदान, मग उपचार. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण सारे जाणतो. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ज्याच्या डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्याच साली अमेरिकेत आल्फ्रेड आणि हेलन फ्री या शास्त्रज्ञ दांपत्याने विकसित केलेली कागदाची एक पट्टी बाजारात आली. ती लघवीत बुडवायची आणि रंग पाहायचा. साखर जात असेल तर रंग बदलतो. त्यापूर्वी तांब्याच्या क्षाराचे निळे द्रावण वापरावे लागे. आता प्रयोगशाळा कागदाच्या तुकड्यावर आली. आज रोगाची खूण पकडण्याचे जे संशोधन जगभर चालू आहे, त्यातले बरेचसे या पट्टीच्याच वाटेने पुढे गेलेले आहे.

ही पट्टी चालते कशी? तिच्यावर दोन एन्झाइम बसवलेले असतात. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारे आणि स्वतः मात्र खर्ची न पडणारे प्रथिन. पट्टीवरचे पहिले विकर फक्त ग्लुकोजला ओळखते आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. दुसरे विकर, त्याचे नाव पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या साह्याने एका रसायनाचा रंग पालटवते. पहिल्याचे काम ओळख पटवणे, दुसऱ्याचे काम ओरडून सांगणे. रोगाची ओळख पटवणाऱ्या रक्त-लघवीतल्या अशा पदार्थालाच शास्त्रज्ञ 'बायोमार्कर' म्हणतात. आपण त्याला रोगाची खूण म्हणू.

आता हे ओरडून सांगणारे पेरॉक्सिडेज येते कोठून? ते मुख्यतः 'हॉर्सरॅडिश' या मोहरी-मुळ्याच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळातून काढतात. आणि त्याच्या पोटात काय असते? लोखंडाचा एक अणू! चार नायट्रोजन अणूंच्या चौकटीत बसवलेला. या चौकटीसह लोखंडाला 'हीम' म्हणतात. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही हेच हीम आहे. धातूचा अणू मध्ये आणि त्याला धरून ठेवणारे इतर अणू भोवती, अशा रचनेला रसायनशास्त्रात धातूचे संकुल म्हणतात. एवढे मोठे प्रथिन, पण खरे काम करतो तो मधला धातू. बाकीचे प्रथिन त्याला जागेवर बसवते, सांभाळते आणि कोणाला आत घ्यायचे ते ठरवते.

धातूचा हा अणू किती महत्त्वाचा आहे, हे गटारात उतरणाऱ्या आपल्या सफाई कामगार बांधवांच्या मृत्यूवरून कळते. मॅनहोलमध्ये साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू शरीरात गेला की पेशींना प्राणवायू वापरू देणाऱ्या एका विकरातील लोखंड-तांब्याच्या केंद्राला तो पकडतो. छातीत हवा असते, रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही आणि माणूस जागीच कोसळतो. २०१३ च्या कायद्याने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ व २०२३ च्या निकालांनी बंदी, यंत्रे, नुकसानभरपाई, सारे काही सांगितले. तरीही माणसे उतरवली जातात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एवढेच सांगायचे की जीवनाच्या मुळाशी धातूचा एक कण काम करतो, तो थांबला की सारे थांबते.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की खरे काम धातूच करणार असेल, तर प्रथिनाचे एवढे अवजड अवडंबर कशाला? प्रथिन हे नाजूक असते. उष्णतेने ते बिघडते, ओलाव्याने बिघडते, शुद्ध स्वरूपात मिळवणे महाग पडते, साठवायला थंडावा लागतो. आणि आपल्याकडे काय आहे? एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उपकेंद्राची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. फ्रिज असला तर तो लसींसाठीही पुरत नाही. अशा ठिकाणी थंडाव्याशिवाय न टिकणारी चाचणी म्हणजे शहरवाल्यांची चाचणी. म्हणून प्रथिनाशिवाय तेच काम करणारी धातूची संकुले आणि धातूचे सूक्ष्म कण बनवण्याचा मार्ग शोधला गेला. ही झाली विकराची नक्कल.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. शौचातील न दिसणारे रक्त शोधण्याची एक जुनी चाचणी आहे. एका झाडाचा 'ग्वायॅक' नावाचा राळेसारखा चीक लावलेल्या कागदावर नमुना ठेवायचा आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. रक्त असेल तर निळा रंग उमटतो. येथे बाहेरून कोणतेही विकर घातलेले नसते. रक्तातले हीमच पेरॉक्सिडेजची नक्कल करते! आतड्याच्या कर्करोगात शौचातून असे रक्त जाऊ शकते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६,५५१ लोकांवर दीर्घकाळ केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची दरवर्षी ही साधी चाचणी केली गेली, त्यांच्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. चाचणीने कर्करोग बरा केला नाही. तिने फक्त वेळेवर सांगितले, पुढची तपासणी झाली आणि माणसे वाचली. मूळव्याध समजून रक्त अंगावर काढणाऱ्या आपल्या माणसांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी.

पुढे या वाटेवर बरेच काम झाले. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात दीपांकर सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की विशिष्ट घडीच्या डीएनएला 'हेमिन' हे लोखंडाचे संकुल जोडले तर ते पेरॉक्सिडेजसारखे वागते. त्यानंतर रोगाच्या खुणा शोधणाऱ्या कितीतरी चाचण्यांत ही जोडी वापरून पाहिली गेली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टेरेन्स कॉलिन्स यांनी लोखंडाची अशीच छोटी, टिकाऊ संकुले तयार केली. त्यांचा मुख्य उपयोग पाण्यातील प्रदूषके नष्ट करण्यासाठी झाला. २००७ साली चीनमधील यान शियुन यांच्या गटाने जाहीर केले की मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकाच्या दगडात असते त्याच लोखंडी ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कणही पेरॉक्सिडेजचे काम करतात. अशा कणांना आता 'नॅनोझाइम' म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने ११ हजारांहून अधिक माणसे मारली. त्या काळात, २०१५ साली याच कणांची इबोला ओळखणारी पट्टी चिनी शास्त्रज्ञांनी तयार केली. सोन्याचे कण वापरणाऱ्या नेहमीच्या पट्टीपेक्षा ती शंभर पट संवेदनशील असल्याचे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवले, तेही अर्ध्या तासाच्या आत. आणि लांब कशाला जायचे? घरोघरी साखर मोजण्याचे जे यंत्र आले आहे, त्याच्या अनेक पट्ट्यांत विकराकडून इलेक्ट्रॉन उचलून पुढे पोचवण्याचे हमालीचे काम लोखंडाची संकुलेच करतात. सोने लागत नाही, प्लॅटिनम लागत नाही. गरिबाच्या घरातल्या तव्याचे लोखंड पुरते!

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. विज्ञानाचीही पूजा करायची नसते. कालाम सुत्तात तथागताने कालामांना तपासून घ्यायला सांगितले, ते यंत्रांनाही लागू आहे. नक्कल ही शेवटी नक्कल. धातूचा कण रंग पालटवतो, पण कोणामुळे पालटवतो याची निवड त्याला विकराइतकी नेमकी करता येत नाही. लोखंडाचे ते सूक्ष्म कण आम्लयुक्त द्रावणात उत्तम काम करतात, रक्त मात्र तसे आम्लयुक्त नसते. रक्तात, लघवीत इतर शेकडो पदार्थ असतात. ग्वायॅक चाचणीच्या आधी कच्चा मुळा किंवा तांबडे मांस खाल्ले तर रक्त नसतानाही निळा रंग येऊ शकतो आणि क जीवनसत्त्व जास्त घेतले असेल तर रक्त असूनही रंग येत नाही. म्हणून ओळख पटवण्याचे काम आजही बहुधा प्रतिपिंडाकडे किंवा अस्सल विकराकडे ठेवतात आणि ओरडून सांगण्याचे काम धातूकडे देतात.

फौजदारी न्यायालयात काम करणाऱ्यांना ही गोष्ट चटकन पटेल. हत्यारावर, कपड्यांवर रक्त आहे काय हे पाहण्याची पहिली रासायनिक चाचणी हीमच्या याच गुणावर चालते. पण गंज, तांबे, काही भाज्यांचा रस यांनीही ती फसते. म्हणून ती प्राथमिक चाचणी. त्यानंतर खात्रीची दुसरी चाचणी करावी लागते, रक्त माणसाचे आहे काय हे पाहावे लागते आणि मगच त्या अहवालाला वजन येते. जो न्याय आरोपीला, तोच रोग्याला. पट्टीचा रंग म्हणजे संशय. निकाल दुसऱ्या तपासणीनंतर.

हा विवेक सोडला की काय होते, हे जगाने पाहिले आहे. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांत ढीगभर चाचण्या करून दाखवतो, असा गाजावाजा करणाऱ्या अमेरिकेतील थेरानोस कंपनीच्या एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आयात केलेल्या जलद चाचणी संचांचे निकाल भरवशाचे नसल्याने ते वापरणे थांबवा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला राज्यांना सांगावे लागले. त्यातही २४५ रुपयांना आयात झालेला संच ६०० रुपयांना विकला जात होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ४०० रुपयांची मर्यादा घातली तेव्हा हे बाहेर आले. संकटात देश बुडत असताना चाचणीतही नफेखोरी! तेव्हा स्वस्त तंत्र निघाले म्हणजे ते स्वस्तात मिळेल, या भ्रमात राहू नये.

येथून पुढचा प्रश्न कायद्याचा आहे. भारताच्या पेटंट कायद्याचे कलम ३(आय) सांगते की माणसाच्या रोगाचे निदान करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळणार नाही. हे कलम गरिबाच्या बाजूचे आहे. परंतु प्रक्रियेवर बंदी असली तरी पट्टी, यंत्र, नवे रसायन यांवर पेटंट मागता येते. शिवाय 'निदान' कशाला म्हणायचे यावरही कोर्टात कीस पाडला जातो. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली या कलमाचा अर्थ लावताना शरीराबाहेरच्या चाचण्याही त्यात येऊ शकतात, असे मानले. मात्र रोग उघड न करणारी प्रक्रिया त्याबाहेर ठेवली. म्हणजे दोन्ही बाजूंना वाट आहे आणि पैसेवाल्याकडे वकिलांची फौज आहे.

आपल्याकडे शस्त्रे नाहीत असे मात्र नाही. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. २०२४ च्या नियमदुरुस्तीने या हरकतीला शुल्क लावले आणि ती टिकण्याजोगी आहे काय हे आधी तपासण्याची अट घातली. हा दरवाजा अरुंद केला गेला, पण बंद झालेला नाही. कलम ८४ खाली सक्तीचा परवाना आहे. मार्च २०१२ मध्ये याच कलमाखाली कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. जे औषधाबाबत झाले ते रोगनिदानाच्या साधनाबाबत का होऊ नये?

आणि या सर्वांच्या वर बाबासाहेबांचे संविधान आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवतो. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात कामगाराचे आरोग्य येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले. त्यात कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. रोग वर्षांनंतर उघडा पडतो आणि तोवर मालक हात झटकतो, हे न्यायालयाने ओळखले होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी तर बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असतानाच झाली. प्रा. अडारकरांचा अहवाल १९४४ चा, त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विहित वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण या तपासणीत काय तपासणार? नाडी पाहून, वजन करून सही घेणार? की साखर, मूत्रपिंडाची खूण, शौचातले रक्त हेही पाहणार? हा प्रश्न आपल्या कामगार संघटनांनी आजच विचारला पाहिजे. कंत्राटी सफाई कामगाराचा मालक कोण, महापालिका की ठेकेदार, हेही तेव्हाच विचारले पाहिजे. नाही तर तपासणीच्या दिवशी त्याचा मालकच सापडणार नाही.

सरकारच्या कागदावर सारे आहे. २०१९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अत्यावश्यक निदान चाचण्यांची राष्ट्रीय यादी जाहीर केली. कोणत्या पातळीच्या आरोग्य केंद्रात कोणती चाचणी हवी, हे तिच्यात आहे. आपल्या गावच्या केंद्रात त्यांतल्या किती होतात? माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकला तर उत्तर मिळते. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपले डॉक्टर, आपल्या संघटना आरोग्य शिबिरे घेतात. ते काम मोलाचे आहे. पण बोटाला सुई टोचून आकडा सांगितला आणि माणूस गर्दीत मिसळला, एवढ्यावर ते थांबू नये. ज्याचा रंग बदलला त्याचे नाव, गाव लिहून घ्यावे, दुसरी तपासणी कोठे होईल हे सांगावे आणि तो गेला की नाही याचा पाठपुरावा करावा. अर्थात ही नोंद गुप्त ठेवूनच. रोगाच्या नावाने माणसाला पुन्हा नव्याने अस्पृश्य करणारा हा समाज आहे, हे विसरून चालणार नाही.

शेवटची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांसाठी. धातूची संकुले करण्यासाठी अवाढव्य यंत्रसामग्री लागतेच असे नाही. विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत हे काम होऊ शकते आणि होतेही. आपली मुले-मुली एम.एस्सी. करून तेथपर्यंत पोचली आहेत. पण पीएच.डी.च्या उंबरठ्यावर त्यांची अडवणूक होते. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली. ज्याने प्रयोगशाळेत बसायचे, त्याला मैदानात बसवले! फेलोशिप ही मेहेरबानी नाही. ज्या मुलीने आपल्या आजीला दुखणे अंगावर काढताना पाहिले आहे, ती जेव्हा चाचणी तयार करील तेव्हा ती फ्रिजशिवाय टिकेल, आशाताईला वाचता येईल आणि मजुराच्या खिशाला परवडेल, याची काळजी ती आधी घेईल. प्रश्न कोण विचारतो, यावर उत्तर कोणाच्या कामी येते हे ठरते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले ते केवळ नोकरीसाठी नव्हते. लोखंडाचा कण जात पाहत नाही. साखर ब्राह्मणाच्या रक्तातली असो की बौद्धाच्या, रंग सारखाच उमटतो. भेद होतो तो पट्टी कोणाच्या हाती पडते आणि कोणाच्या हाती पडत नाही, येथे. हा भेद रसायनशास्त्र मिटवणार नाही. तो कायद्याने, संघटनेने आणि रेट्याने मिटवावा लागेल. तेव्हा येत्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत, युनियनच्या बैठकीत एकच मागणी ठेवा: आमच्या केंद्रात कोणत्या चाचण्या होतात त्याची यादी भिंतीवर लावा, आणि ज्या होत नाहीत त्या केव्हा सुरू करणार, त्याची तारीख लिहून द्या.

जयभीम!